डोंगराची वरची सावर

आमच्या डोंगराला एक रेघ होती. मुलुंडला पश्चिमेच्या अंगाला, जिथे रिक्षावाला "वर नाय जाणार" म्हणून हात वर करतो, तिथून पुढे आमची वाडी. वाडीच्या पाठीला डोंगर. त्याच्या निम्म्यापर्यंत झाडी, ऐन, कुडा, पळस, सावर, सगळी दाटीवाटीने उभी. आणि मग एकाएकी काहीच नाही. तिथून थेट माथ्यापर्यंत गवत आणि काळा दगड. न्हाव्याने अर्धं डोकं करून चहाला निघून जावं तसा आमचा डोंगर दिसायचा.

त्या रेघेच्या वर झाड जगत नाही, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणी वाऱ्याला बोल लावी, कुणी उन्हाला. आई म्हणायची, वरच्या देवाक सावली आवडना नाय. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे मला कुणी विचारलं की मी जरा ठसक्यात सांगायची, उतार, पातळ माती, आठ महिन्यांचा कोरडा काळ. ऐकणारा मान हलवायचा. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं म्हणजे विषय मिटला.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग एका सोसायटीत वॉचमन झाले, मग गुडघ्यांनी तेही सोडायला लावलं. वाडीतली बहुतेक घरं आमच्यासारखीच, सिंधुदुर्गातून गिरणीपायी आलेली. येताना गावाकडचं पुष्कळ काही मागे राहिलं, पण शिमगा बरोबर आला. आणि त्या शिमग्यातला एक मान बाबांकडे होता: होळीचं झाड ठरवण्याचा. आमच्याकडे होळी म्हणजे गोवऱ्या-लाकडांचा ढीग नव्हे. सरळसोट झाड तोडून आणायचं, खांद्यावर घेऊन ढोलावर नाचवत आणायचं, मैदानात उभं करायचं आणि मग त्याच्या पायाशी पेटवायचं. झाड सावरीचं, काटेसावरीचं. बाबा धुतलेला पांढरा लेंगा घालून डोंगर चढायचे, मागे सगळी पोरं, आणि बाबा ज्या सावरीवर हात ठेवतील ती होळी. दुसऱ्या कुणी नुसतं बोटही दाखवायचं नाही.

वर्षाच्या बाकीच्या दिवसांत बाबांना कुणी काही विचारत नसे. नळाची लाइन, वर्गणी, गणपतीचा मंडप, सगळं तरुण पोरांच्या हातात गेलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण शिमग्याच्या त्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष, एरवी कुणाला न जुमानणारा गडी, दारात येऊन म्हणायचा, "काका, चला. तुम्ही सांगाल तसं." या एका वाक्यावर बाबा पुढचं वर्ष काढायचे. मी हे थट्टेने सांगत नाही. नोकरी गेलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाच्या तोंडावर त्या दिवशी जे दिसायचं, त्याच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते. पुढे माझ्यावर वेळ आली ती बाबांशीच भांडायची.

होळी उभी राहिली की बाबा गाऱ्हाणं घालायचे. डोक्यावर टोपी, हातात नारळ, खणखणीत आवाज. "बा देवा म्हाराजा! ह्यो डोंगर उघडो पडलो हा, तेका माथ्यापर्यंत हिरवो कर रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मीही त्यात होते. पुढ्यात कालपरवापर्यंत डोंगरावर फुललेलं झाड उभं, त्याच्या पायाशी जाळ, आणि आम्ही देवाला झाडं मागतोय. तेव्हा कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मग एका मे महिन्यात आम्ही शाळेतल्या काहीजणी हिमाचलला गेलो. वृक्षरेषा हा शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत होते, ती तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. देवदार संपले, भूर्ज लागले, मग भूर्जही बुटके होत होत कमरेएवढे, गुडघ्याएवढे, आणि मग नुसतं गवत आणि त्यापलीकडे बर्फ. थंडीने आखलेली रेघ. पुस्तकात दिलं होतं अगदी तसं. मला इतका आनंद झाला की मी बरोबरच्या बायकांचा तिथेच तास घ्यायला लागले आणि त्या वैतागून चहाला निघून गेल्या.

एकटीच उभी राहिल्यामुळे मला पुढचं दिसलं. त्याच उतारावर थोडं बाजूला कुणीतरी दगडी कुंपण घालून एक तुकडा राखला होता. कुंपणाच्या आत भूर्जाची पोरं रेघ ओलांडून बरीच वर चढलेली. कुंपणाबाहेर, त्याच उंचीवर, त्याच थंडीत, मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत. वारा तोच, माती तीच. म्हणजे वरची रेघ थंडीची होती, पण इथली खालची रेघ मेंढ्यांची आणि मेंढ्या हाकणाऱ्यांची होती. हवामान झाडाला एका उंचीपर्यंत जायची परवानगी देतं. तिथवर पोचू द्यायचं की नाही, ते पुष्कळदा खालचा माणूस ठरवतो. मला एकदम आमचा डोंगर आठवला. आमच्या डोंगरावर तर बर्फ नाही. मग आमची रेघ कुणी आखली?

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी डोंगर चढले. लहानपणापासून मी तो कितीदा चढले असेन, पण दर वेळी माथ्यावरून ठाण्याची खाडी बघायला. या वेळी मान खाली घालून चढले. झाडी संपली तिथून थोडं वर, गवतात, एक बुंधा होता. तोडलेला, काळा पडलेला, पण सालीवरचे काटे ओळखू येत होते. सावर. त्याच्या थोडं वर दुसरा, जास्त झिजलेला. आणखी वर तिसरा, तो तर पायाने दाबला की भुगा होत होता. सगळ्यात जुने बुंधे सगळ्यात वर. म्हणजे झाडी कधीकाळी पार वर होती, आणि वर्षावर्षाने एकेक पायरी खाली उतरली होती. उतरली कसली, उतरवली होती. ही बाबांनी हात ठेवलेली झाडं होती.

मी तिथेच बसले आणि सगळं डोक्यात जुळवलं. दाटीतलं झाड तोडून बाहेर काढणं जिकिरीचं, म्हणून होळीला नेहमी कडेची, सगळ्यात वरची सावर घ्यायची. ती गवतावरून घसरवत आणता येते. शिमगा येतो तेव्हा सावर फुलांनी लाल असते. तिची बोंडं फुटून कापूस उडायला एप्रिल संपत येतो. त्या दिवसांत सकाळी खाडीकडून वारा येतो आणि तो सरळ आमच्या चढावर आदळतो. त्या वाऱ्यावर सावरीचं बी वर चढलं असतं. पण वर बी पाठवू शकणारं झाडच फुलात असताना आम्ही जाळून टाकत होतो. वर चुकूनमाकून काही रुजलंच, तर त्याचीही सोय होती. धुळवड झाली की वाडी डोंगराच्या गवताला काडी लावायची. एक तर सापांची भीती, आणि दुसरं म्हणजे गावाकडच्या भाजावळीची सवय. शेत भाजल्याशिवाय पाऊस सुखाने बघवत नाही अशी आमची माणसं; इथे शेत नव्हतं, मग डोंगर भाजला. आणि हल्ली मार्च पूर्वीसारखा राहिलेला नाही. शिवरात्रीलाच अंगाची लाही होते, गवत कडकडीत वाळलेलं असतं. पूर्वी मध्येच विझणारी आग आता माथ्यापर्यंत पळत जायची.

मला बाबांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. आणि माझा राग नाकावर.

संध्याकाळी बाबा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी सरळ म्हटलं, "बाबा, वरची झाडं वाऱ्याने गेली नाहीत. आपण खाल्ली." मग मेंढ्या, कुंपण, बुंधे, कापूस, सगळं सांगून टाकलं. वर्गात सांगते तसं, मुद्देसूद. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काखेत कळसो नि गावाक वळसो. ह्या बघूक हिमालयात गेललंस?"

बाबांनी कप खाली ठेवला. "दरवर्सा वरची सावर कोणी दाखवली? मी. म्हणजे डोंगर मी बोडको केलंय?"

"सगळ्यांनीच, बाबा."

"सगळ्यांनी नाय. हात माझो होतो." मग कप बाजूला सारून म्हणाले, "ह्या वर्सापासून मान सोडतंय. दुसऱ्या कोणाक द्या."

मला हे नको होतं. मला झाडं वर चढायला हवी होती, बाबा खाली उतरायला नको होते. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत कुठे येतो. पुढचे कित्येक महिने आमच्या घरात भाताबरोबर हाच विषय वाढला जायचा, कुणी न बोलता. वाडीतही बातमी पसरली. मंडळाच्या अध्यक्षाने मला वाटेत गाठलं. "बाई, तुमचा भूगोल शाळेत ठेवा ना. एक झाड जातं वर्षाला. त्याने काय डोंगराची वाट लागते काय?"

"लागलीय," मी म्हटलं. "चल वर, बुंधे दाखवते."

"आणि काकांनी मान सोडला तर झाड कोण ठरवणार? तुम्ही?"

खरं तर तोच माझा घोर होता. झाड वाचवायला गेले आणि बापाकडे उरलेला एकच दिवस हिरावून घेतला, असं झालं असतं तर मी त्या डोंगराकडे परत तोंड केलं नसतं.

शिमगा आला. अध्यक्ष दारात आला, पण नेहमीसारखा नाही, चाचरत. "काका, येताय ना?" मी आतून कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळाने कपाटाचं दार वाजलं. पांढरा लेंगा. आईने टोपी हातात दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण जा. आमच्याकडच्या बाया होळीक चढनत नाय, पण तू खंय कोणाचा ऐकतंस?"

मी गेले. ढोल पुढे, पोरं मागे, बाबा मध्ये, एका हाताने गुडघा दाबत. झाडीच्या कडेला, अगदी रेघेवर, त्या वर्षीची सगळ्यात वरची सावर उभी होती. एकही पान नाही, नुसती लाल फुलं आणि फुलांत साळुंक्यांचा कलकलाट. दोघा पोरांच्या खांद्यावर कुऱ्हाडी. बाबा पुढे झाले आणि काटे चुकवून त्यांनी खोडावर हात ठेवला. ढोल थांबला. म्हटलं, संपलं, हेही झाड गेलं.

बाबांनी नारळ फोडला, खोडाला कुंकू लावलं, आणि तिथेच, डोंगरावरच, गाऱ्हाण्याचा सूर लावला. "बा देवा म्हाराजा! आजवर तुझ्याकडे झाडा मागली, नि तुझीच झाडा तोडून तुका दिली! चुकला-माकला पोटात घाल रे म्हाराजा!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "व्हय म्हाराजा" म्हणावं की नको, कुणाला कळेना. मग मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!" एकटीचाच आवाज. मागून दोघातिघांनी धरला.

बाबा वळले. "ही आमची होळी. ती हयसरच उभी रवतली. हिका कोणी कुऱ्हाड लावूची नाय, नि हिच्या वरच्या गवताक कोणी काडी लावूची नाय."

"मग जाळायचं काय, काका?" अध्यक्ष जवळजवळ रडकुंडीला आला होता. खाली मैदानात पाहुणे जमलेले, खड्डा खणलेला.

"नाल्याकडे पावसात पडलेलो आंबो सुकान गेलो हा. तो न्या. पेटवूक सुकाच बरा."

"पण काका, परंपरा..."

"मान कोणाचो?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

अध्यक्ष खालच्या मैदानाकडे बघायला लागला.

"मी विचारतंय, मान कोणाचो?"

"तुमचाच, काका."

"मगे? मी सांगान तसा." आणि बाबा उतरायला लागले, ताठ मानेने, गुडघ्यावर हात न ठेवता. ढोलवाल्यालाच आधी सुचलं. त्याने असा काही ठेका धरला की वर आलेली सगळी पोरं मोकळ्या हाताने नाचत खाली आली. नाल्याकडचा आंबा इतका झकास पेटला की जाळ पार खालच्या रस्त्यावरून दिसला म्हणे. मी बाबांच्या शेजारी उभी राहून रडत होते आणि ते मला म्हणत होते, "धूर लागता डोळ्याक, जरा सरक गो."

तिथून पुढचं सोपं होतं असं कुणी समजू नये. सापांची भीती खोटी नव्हती, म्हणून घरांच्या मागचं गवत जाळण्याऐवजी कापायचं ठरलं, आणि कापायला कोण जाणार यावरून दर वर्षी भांडणं झाली. एका वर्षी पलीकडच्या बाजूने आग आली. त्या मार्चमध्ये उन्हाचा असा काही तडाखा होता की दुपारी पत्र्याला हात लागत नव्हता. वाडीतल्या बायका कोयते घेऊन चढल्या, मीही होते, आणि आम्ही आगीच्या पुढे गवत कापत कापत मोकळा पट्टा पाडला. आग पट्ट्यापर्यंत आली, घुटमळली आणि विझली. आमची तोंडं काळीठिक्कर. शाळेतल्या एका पालकाने मला ओळखलंच नाही. मला त्या दिवशी जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं तेवढं आदर्श शिक्षिकेचा हार गळ्यात पडला असता तरी वाटलं नसतं.

आणि त्या पहिल्या वर्षीच्या एप्रिलअखेर, सकाळी मागच्या दारात दात घासताना, मी बघितलं. वरच्या सावरीची बोंडं फुटली होती आणि कापूस वाऱ्यावर उठून वर, चढाच्या दिशेने चालला होता. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून आईला हाक मारली. आई म्हणाली, "ह्या कापसाची एक उशी झाली असती." पण तीही बराच वेळ बघत उभी राहिली.

रोपं पहिल्या पावसात दिसली नाहीत. दुसऱ्या पावसात गवतात बोटभर काटेरी काड्या दिसायला लागल्या. वाऱ्याने काही मोडल्या, दगडावर रुजलेल्या उन्हाने करपल्या. वर वारा आहे, माती पातळ आहे, हे मी पूर्वी सांगायची तेही खोटं नव्हतं. झाडं तिथे ठेंगणी राहतात, वाकडी होतात. पण जगतात. दर शिमग्याला बाबा चढायचे आणि त्या वर्षीच्या सगळ्यात वरच्या सावरीवर, मग ती रोप का असेना, हात ठेवायचे, आणि ती कायमची राखली जायची. खाली जाळायला सुकं लाकूड. हळूहळू वाडीत पैजा लागायला लागल्या की काका या वर्षी किती वर चढणार. शेजारच्या वस्तीतली माणसं होळीला आमच्याकडे बघायला येऊ लागली. अध्यक्ष त्यांना बुंधे दाखवतो आणि हिमाचलच्या मेंढ्यांची गोष्ट सांगतो, स्वतः जाऊन आल्यासारखी. मी मध्ये बोलत नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. या वर्षी बाबांचे गुडघे पुरते बसले. ओट्यावरून उठायलाही आधार लागतो. शिमग्याच्या दिवशी पांढरा लेंगा घालून ते बसले होते खरे, पण मला म्हणाले, "आता माझ्यान होवचा नाय. अध्यक्षाक सांग, मान त्याणा घेवचो."

अध्यक्षाचे केसही आता पिकायला लागलेत. त्याने ऐकून घेतलं आणि मागे वळून पोरांना खूण केली. पोरांनी मंडळाची प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला दोन बांबू बांधले आणि बाबांना उचलून त्यात बसवलं. बाबा ओरडत होते, "अरे, पडान मी, मेल्यांनो!" ढोल सुरू झाला. पूर्वी होळी जशी खांद्यावरून नाचवत खाली आणायचे, तशी त्यांनी माझ्या बापाची खुर्ची नाचवत वर नेली. झाडीतून, जुन्या रेघेवरून, मग एकेका वर्षाच्या सावरीला वळसा घालत. मी मागून धापा टाकत चढत होते आणि हसत होते आणि मोठ्याने रडतही होते.

खुर्ची माथ्यावर टेकली. तिथे एक सावर होती, माझ्या दंडाएवढी, पावसाळी वाऱ्याने पूर्वेला कललेली, शेंड्याला चारदोन लाल फुलं. पहिल्यांदाच फुललेली. बाबांनी हात लांब केला, पोरांनी खुर्ची पुढे सरकवली, आणि त्यांनी खोडावर हात ठेवला. मग मान वर करून इकडे तिकडे बघितलं. वर आभाळ होतं, खाली दोन्ही बाजूंना उतार.

"काका, पुढच्या वर्षी कुठलं?" कुणीतरी विचारलं. "याच्यावर तर डोंगरच नाय."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाबांनी हात न काढता पलीकडे बघितलं, खिंडीच्या पल्याडच्या उघड्या डोंगराकडे, आणि अध्यक्षाला म्हणाले, "बांबू सोडू नको रे. फुडच्या वर्सा थंय जावचा हा."